अक्कांचा अंगठा आणि इर्बिदचा रस्ता

नोव्हेंबर म्हणजे आमच्या दुकानात अंगठ्यांचा महिना. सोलापुरात अशोक चौकाकडं माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, झेरॉक्स, पॅनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, लाइट बिल, जे येईल ते करतो, आणि नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनवाल्यांची रांग लागते. परवा एक अक्का आल्या. सत्तरीच्या असतील, उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. मशीनवर अंगठा ठेवला, घेतला नाही. पदराला पुसून ठेवला, नाही घेतला. मग दुसरं बोट, तिसरं, असं करत दहाच्या दहा बोटं झाली तरी मशीन काही ऐकेना. दिवसाला हजार विड्या, रोज तेंदूपान आणि तंबाखू चोळायचं, बोटाच्या रेषा राहणार कुठं. अक्का माझ्याकडं बघून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, पाठीमागची बाई हसली, मला अर्धंच कळलं. बहुतेक म्हणाल्या की मी मेले म्हणून लिहून टाक, तेवढं तरी होतंय का बघ.

आमचा दादा, म्हणजे चुलतभाऊ, दुपारी दुकानात येऊन बसतो. तो म्हणाला, "जॉर्डनला पण असंच बघितलंय मी. मशीन होतं, लाइन होती, पण शेजारी बसून सांगणारं माणूस असलं तरच काम व्हायचं."

दादा २००४ ला जॉर्डनला गेला होता, इर्बिद शहराजवळच्या कपड्याच्या फॅक्टरीत कटिंग मास्टर म्हणून. सोलापुरातनं युनिफॉर्म शिवायचं काम सोडून गेला, पाच वर्षं राहिला. आपल्याकडं अरब देश म्हटलं की दुबई, सोनं आणि उंच बिल्डिंगा एवढंच डोळ्यासमोर येतं, पण जॉर्डनकडं तेल नाही. येमेन आणि सुदान तर अजून वेगळंच प्रकरण. यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, अरब मानव विकास अहवाल २००३ ला जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्येच जाहीर झाला, त्यात आकडा होता की अरब भागात हजार माणसांमागं १८ सुद्धा कॉम्प्युटर नाहीत, जगाची सरासरी तेव्हा ७८ च्या आसपास होती, आणि इंटरनेट वापरणारे फक्त १.६ टक्के. म्हणजे दादा तिकडं गेला तेव्हा तिथलं आणि आपलं पाणी साधारण सारखंच होतं.

पण इर्बिदमध्ये यार्मूक युनिव्हर्सिटीसमोर एक रस्ता आहे, एका किलोमीटरच्या आत शंभराच्या वर इंटरनेट कॅफे, गिनेसमध्ये नोंद आहे असं तिथले लोक छाती फुगवून सांगायचे म्हणे. शुक्रवारी सुट्टी, हा गडी घरी बोलायला तिथं जाऊन बसायचा. इकडं वहिनी आणि मी नवी पेठेतल्या कॅफेत, प्लायवूडची केबिन, तासाला वीस रुपये, एकच हेडफोन, त्यात वहिनी ऐकायची आणि मला ओरडून सांगायची. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या होत्या, आठवतंय का कुणाला? इजिप्तचं इंटरनेट कोलमडलं आणि आपलं पण अर्धमेलं झालं, कारण युरोपकडं जाणारा आपला रस्ता त्यांच्याच दारातनं जातो. त्या शुक्रवारी तासभर नुसतं गोल फिरणारं चाक बघितलं आणि वीस रुपये देऊन घरी आलो. वहिनीनं दोन दिवस डोळ्याला पदर लावला होता, आणि मी उगाच शहाण्यासारखा केबल म्हणजे काय ते समजावत बसलो.

तर हा झाला शहरातला रस्ता. खेड्यात कॅफे चालत नाही, गिऱ्हाईक नसतं. म्हणून जॉर्डन सरकारनं २००१ पासनं गावोगावी केंद्रं काढली, नाव ज्ञानकेंद्र म्हणतो आपण तसंच, अरबीत 'महत्तात अल मारिफा', म्हणजे ज्ञानाची स्टेशनं. पुढं शंभराच्या वर झाली. दादाच्या लाइनवरच्या एका पोऱ्यानं त्याला ईदला गावी नेलं होतं, तिथलं स्टेशन दादानं बघितलं. एक खोली, भिंतीला लावून आठदहा कॉम्प्युटर, आणि शिकवणारी एक मुलगी. एक म्हातारा तिच्याशेजारी बसून मुलाला पत्र सांगत होता, मुलगा परदेशात. म्हातारा बोलायचा एक आणि मुलगी टाइप करायची वेगळंच. दादाला वाटलं ही बाई मनानंच काहीतरी लिहायलीय. मग त्या पोऱ्यानं सांगितलं की घरात बोलायची अरबी वेगळी आणि लिहायची वेगळी, पुस्तकातली अरबी कुणी आईशी बोलत नाही. मुलगी म्हाताऱ्याचं बोलणं लिहायच्या अरबीत करून देत होती, आणि मधेमधे त्याच्याच बोलीत वाचून दाखवत होती, "हे असं चालेल का चाचा?"

मला हे ऐकून अक्का आठवल्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी, फॉर्म इंग्रजीत. आमच्या विडी घरकुलकडच्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, निम्म्या बायकांचं हेच आहे, आणि त्यांना आपण डिजिटल साक्षरता शिकवायला जातो ती माऊस धरण्यापासनं!

इजिप्तनं तर लै उद्योग केले. पहिल्यांदा झगाझिग शहराकडं यूएनडीपीच्या मदतीनं सार्वजनिक केंद्रं काढली, १९९९ ला दळणवळणाचं वेगळं मंत्रालय झालं आणि मग युवा केंद्रांत, शाळांत आयटी क्लब सुरू झाले. बसमध्ये कॉम्प्युटर घालून पण फिरवले. २००२ च्या जानेवारीत फुकट इंटरनेटची स्कीम आणली, म्हणजे महिन्याचं वेगळं पॅकेज घ्यायचं नाही, ०७७७ ने सुरू होणारा नंबर फिरवायचा आणि लोकल कॉलचेच पैसे द्यायचे, त्यातला हिस्सा फोन कंपनी आणि इंटरनेटवाले वाटून घेणार. त्याच वर्षी हप्त्यावर कॉम्प्युटर, तारण काय तर घरचा लँडलाइन. मला ही आयडिया भारी वाटली. पण लँडलाइन ज्याच्याकडं त्यालाच ना? ज्याच्या घरात फोनच नाही त्याच्यासाठी परत तो क्लबच, आणि क्लबातला माणूस कसा आहे त्याच्यावर सगळं.

आपल्याकडं वारणानगरला १९९८ ला वायर्ड व्हिलेज झालं, ऊसवाल्यांसाठी गावागावात कॉम्प्युटर बसवले. पुढं २००७ च्या सुमारास कळलं की शेतकऱ्याला त्यातलं मुख्यतः वजनाची पावती, खत, तोडणीची परवानगी एवढंच लागतंय, मग तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणलं आणि ते चाललं पण. ही गोष्ट मला फार आवडते. कुणीतरी आधी बघितलं की माणूस खिडकीशी येऊन विचारतो काय. नाहीतर बहुतेक सरकारी कागदावर, इकडच्या काय आणि तिकडच्या काय, किती केंद्रं आणि किती मशीन तेवढंच छापतात. म्हाताऱ्याचं पत्र पोचलं का हा रकाना कुणाकडंच नसतो.

२००५ ला ट्युनिशियात, ट्युनिसला माहिती समाजाची मोठी जागतिक परिषद झाली, तिथं शंभर डॉलरचा लॅपटॉप दाखवला होता, हँडल फिरवून चार्ज होणारा. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी हँडल फिरवलं आणि ते हातातच आलं. मी टीव्हीवर बघून हसलो होतो, आता दुकानाचा प्रिंटर रोज तेच करतो त्यामुळं हसत नाही.

आता मोबाइलनं कॅफे पण खाल्ले. इर्बिदच्या त्या रस्त्यावर आता किती कॅफे उरलेत कुणास ठाऊक, नवी पेठेतल्या आमच्या कॅफेत मोबाइल कव्हर मिळतात. अरब देशांत आज दहातले साधारण सात जण इंटरनेटवर आहेत, आखातातल्या श्रीमंत देशांत जवळजवळ सगळेच, आणि येमेन-सुदानकडं लढाईनं टॉवरच पडलेत तिथं काय बोलायचं. फोन हातात आला तशी अरबी पोरांनी जुगाड पण केला. कीबोर्ड इंग्रजी, भाषा अरबी, मग जे आवाज इंग्रजीत नाहीत त्यांना आकडे. 'मरहबा' लिहिताना 'ह' च्या जागी ७, आणि घशातल्या 'ऐन'ला ३, कारण ते अक्षर उलट्या तीनासारखं दिसतं. दादाला मित्राचा पहिला मेसेज आला तेव्हा त्याला वाटलं हा फोन नंबरच पाठवायलाय. आपण तरी काय, अजून घरच्या ग्रुपवर इंग्रजी अक्षरांत 'कधी येतोस' विचारतोच की.

अक्कांचं काम शेवटी चेहऱ्यानं केलं. आता ॲपमध्ये चेहरा दाखवून पण हयातीचा दाखला निघतो. अट एकच, डोळे मिचकवायचे. स्क्रीनवर इंग्रजीत हुकूम आला, मी मराठीत सांगितलं, "अक्का, डोळे मिटा." अक्कांनी मिटले ते मिटलेच. स्क्रीनवरचं गोल लाल. परत केलं, परत तेच, आता तर हात पण जोडले, त्यांना वाटलं देवाचं काहीतरी आहे. मग पाठीमागच्या बाईला विचारून मी माझ्या मोडक्या तेलुगूत म्हणालो, "अक्का, कळ्ळु मूसि तेरुवु." अक्कांनी टक्कन डोळे उघडले, मला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि मोठ्यानं हसल्या, आणि त्या हसण्यातच दोनदा पापण्या हलल्या. गोल हिरवं झालं.

प्रिंट काढायला गेलो तर प्रिंटरमध्ये कागद अडकलेला.