एक्झॉस्ट बदलल्याने ट्रकची ताकद खरोखर वाढते का? माझा अनुभव

माझ्या ट्रकचे इंजिन कंपनीतून आले तसेच आहे. ते पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे असून त्याला टर्बो नाही. जुन्या सायलेन्सरला गंज चढू लागला होता आणि तो फुटण्याआधी बदलायचा होता. प्रश्न एवढाच होता की पूर्वीसारखाच बसवावा, की मोठ्या व्यासाच्या पाइपांचा, ताकद वाढवणारा म्हणून विकला जाणारा स्टेनलेस स्टीलचा संच घ्यावा. ज्यांनी असा संच बसवला होता ते गाडीचा पिकअप वाढल्याचे छातीठोकपणे सांगत होते. मोजून पाहिलेले मात्र त्यांच्यात कोणीच नव्हते. म्हणून आधी मोजायचे, मग बसवायचे आणि पुन्हा त्याच पद्धतीने मोजायचे, असे मी ठरवले.

मोजण्याआधी नेमकी किती वाढ शक्य आहे याचा अंदाज घेणे मला आवश्यक वाटले आणि हा हिशेब कोणालाही कागदावर करता येण्यासारखा आहे. एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये पिस्टन जळालेला वायू बाहेर ढकलतो आणि पुढे पाइपात जितका दाब तुंबलेला असेल, म्हणजे ज्याला आपण बॅक प्रेशर म्हणतो, तितके त्याचे काम वाढते. पाच लिटरचे इंजिन 5000 आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला 5000 फेरे घेताना) मिनिटाला 2500 वेळा आपले सगळे सिलिंडर रिकामे करते. यातून हिशेब केला तर 1 पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) बॅक प्रेशरमागे सुमारे दीड किलोवॅट, म्हणजे साधारण 2 हॉर्सपॉवर खर्ची पडतात. दाब कमी झाला की सिलिंडरमध्ये मागे राहणारा जळका वायूही थोडा घटतो आणि ताज्या मिश्रणाला जागा मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष फायदा याहून जरा अधिक होऊ शकतो. पण आकडा या घरातलाच राहतो. सायलेन्सर बदलून तीस-चाळीस हॉर्सपॉवर मिळवायचे असतील तर मुळात तेवढा दाब तुंबलेला असायला हवा.

तो किती तुंबला आहे हे पाहण्यासाठी एक्झॉस्ट पाइपातला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावला. आयडलिंगला काटा 1 पीएसआयच्या खाली होता आणि गाडी उभी असताना 2500 आरपीएमवर तो 3 च्या बराच अलीकडे थांबत होता, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला नव्हता. ही तपासणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण कन्व्हर्टरच तुंबला असेल तर त्याच्या मागे कितीही उत्तम सायलेन्सर लावला तरी काही साधणार नाही. मग गेज कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरच्या जागी नेला, रबरी नळी वितळू नये म्हणून मध्ये स्टीलच्या नळीचा तुकडा जोडला आणि डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण थ्रॉटल देऊन पाहिले. वरच्या आरपीएमला तिथे सुमारे 3 पीएसआय दाब होता. सायलेन्सर बदलून जे वाचवता येण्यासारखे होते ते एवढ्यातूनच.

डायनोवरचा आकडा म्हणजे अंतिम सत्य, असे अनेकजण धरून चालतात, ते बरोबर नाही. काहीही न बदलता लागोपाठ घेतलेल्या फेऱ्यांतही एक-दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो आणि 300 हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या बाबतीत हाच फरक 3 ते 6 हॉर्सपॉवर होतो. म्हणून आधी आणि नंतर, दोन्ही वेळी टायरमधील हवा, ऑइलचे तापमान, पंख्याची जागा आणि गिअर सारखे ठेवले, हवेचे तापमान व दाब यांसाठीची दुरुस्ती एकाच पद्धतीने लावली आणि एका चांगल्या फेरीवर विसंबण्याऐवजी अनेक फेऱ्यांची सरासरी घेतली.

बसवण्याचे काम त्या मानाने सरळ होते. गंजलेल्या नट-बोल्टांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवले, रबरी हँगरना साबणाचे पाणी लावून ते सोडवले आणि नव्या संचाचे सगळे क्लॅम्प आधी सैलच ठेवून, पाइप चॅसीला व अ‍ॅक्सलला कुठेही घासत नाही हे पाहून मगच आवळले. नंतर थंड इंजिन सुरू करून मागच्या तोंडाशी जाड फडके धरले आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी टाकून गळती तपासली. सेन्सरच्या पुढे एखादा सांधा गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ, म्हणजे त्यात पेट्रोल कमी, असल्याचे सांगतो आणि कॉम्प्युटर विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो. त्यामुळे या कामात घाई करू नये.

पुन्हा डायनोवर गेल्यावर मागच्या सेन्सरपाशी दाब 1 पीएसआयच्या थोडा वर आला होता. आधीचे आणि नंतरचे आलेख एकमेकांवर ठेवले तेव्हा 3000 आरपीएमपर्यंत दोन्ही रेषा वेगळ्या ओळखता येत नव्हत्या, 4000 च्या पुढे त्या हळूहळू विलग होत गेल्या आणि 5000 च्या वर सुमारे 5 हॉर्सपॉवरचे अंतर दिसले. म्हणजे वाढ खरी आहे, कागदावरच्या हिशेबाशी ती जुळतेही, परंतु ती दोन टक्क्यांहून कमी आहे आणि जिथे ती मिळते तिथे माझा ट्रक क्वचितच जातो. हमरस्त्यावर तो 2000 च्या आसपास चालतो आणि हौदा भरून चढ चढताना 3000 पर्यंत. बॅक प्रेशर वायूच्या प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पूर्ण थ्रॉटललाही 2000 वर ते 5000 च्या मानाने जेमतेम सहावा हिस्सा उरते आणि अर्धवट थ्रॉटलवर तर खरा अडथळा थ्रॉटलच्या झडपेचाच असतो.

मग पिकअप वाढल्यासारखे का वाटते? मलाही पहिल्या दिवशी तसे अगदी ठामपणे वाटले. म्हणून त्याच सपाट रस्त्यावर, दोन्ही दिशांना, ताशी 80 ते 110 किलोमीटर वेग गाठायला लागणारा वेळ घेतला आणि तो आधीच्या नोंदींच्याच मर्यादेत निघाला. स्कॅनर जोडून रोजचे चालवणे नोंदवले तेव्हा कारण हाती लागले: भरदार आवाज ऐकण्यासाठी माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पूर्वीपेक्षा खोल जात होता. गाडी अधिक जोरात पळत होती ती त्यामुळे.

इंजिनाला बॅक प्रेशर हवेच असते, हा समज मला या काळात सतत ऐकू आला. इंजिनाला हवा असतो तो वायूचा वेग. एका सिलिंडरचा झोत वेगाने निघून गेला की त्याच्या मागे दाब घटतो आणि पुढच्या झोताला ओढ मिळते. पाइप प्रमाणाबाहेर मोठा घेतला तर हा वेग मंदावतो व खालच्या आरपीएमचा टॉर्क घटू शकतो, म्हणूनच मी अडीच इंचांवरून तीन इंचांवर गेलो, त्यापुढे नाही. टर्बो डिझेलमध्ये टर्बाइनच्या मागचा दाब कमी करण्याला जास्त महत्त्व आहे, कारण त्याने टर्बो लवकर जोर धरतो आणि एक्झॉस्टचे तापमान उतरते. परंतु तिथेही टॉर्कची मर्यादा कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे ट्यूनिंगला हात न लावता कमाल आकडा फारसा हलत नाही. कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्लाही मिळाला. तो मी मानला नाही, कारण अनेक देशांत ते बेकायदा आहे आणि त्यातून बाहेर पडणारी विषारी हवा इतरांच्या छातीत जाते.

नव्या संचाचा एक त्रास मात्र रोजचा होता. भार असताना 2000 आरपीएमजवळ केबिनमध्ये एक जड, घुमणारा आवाज भरून राहायचा आणि लांबच्या प्रवासात डोके दुखायचे. सायलेन्सरच्या मागे सरळ आरपार जाणारा एक रेझोनेटर, म्हणजे घुमणारा आवाज शमवणारा डबा, बसवल्यावर तो बराच ओसरला. त्यानंतर पुन्हा दाब मोजला तेव्हा काटा जवळपास जागच्या जागीच होता.