काकूंच्या नावाने आलेली मागणी

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज सकाळी पहिली मागणी आली आणि दुपारच्या जेवणाआधीच कळले की ती माझ्यासाठी नव्हती. ईमेल उघडताच नजर ‘अर्धा किलो गोडा मसाला’ या शब्दांवर गेली. वरचा मायना वाचण्याइतका धीर मला नव्हता. आईला सांगितले, तिने देवापुढे साखर ठेवली, मी तराजू पुसून ओट्यावर घेतला, आणि पाकिटावर पत्ता लिहायचा म्हणून पुन्हा पत्राकडे वळले तेव्हा पहिली ओळ वाचली. ‘काकू, बऱ्याच वर्षांनी लिहितो आहे. दगडफूल पूर्वीसारखेच थोडे जास्त घाला.’ मी त्यांची काकू नाही, आणि माझ्या मसाल्यात दगडफूल कमी असते.

नंदूने फोनवर उलगडा केला. ईमेलची व्यवस्था लावताना त्याने ‘कॅच-ऑल’ चालू ठेवले होते, म्हणजे या डोमेनवर, माझ्या संकेतस्थळाच्या या पत्त्यावर, कोणत्याही नावाने पत्र आले तरी ते एकाच पेटीत पडते. आजचे पत्र त्या काकूंच्या नावाने होते. तशी पेटी मी कधी उघडलीच नव्हती. डोमेन ज्याच्या ताब्यात, टपाल त्याच्या दारात, एवढेच ती यंत्रणा जाणते.

डोमेनचे हे नाव कोणीतरी सोडलेले आहे, हे मला घेतानाच माहीत होते. मनात होती ती सगळी नावे आधीच गेलेली होती, आणि जुन्या नावाकडे येणारे दुवे असतात, लोकांच्या जुन्या नोंदींत ते असते, त्याचा आपल्याला उपयोग होईल, असे नंदूचे म्हणणे पडले. मलाही ते पटले. मार्च २०२४ मध्ये गूगलने मुदत संपलेल्या डोमेनांच्या गैरवापराविषयी नियम काढला, तोही मी नीट वाचला होता. जुन्या नावाची पत वापरून निकृष्ट मजकूर शोधात वर आणणे त्यात निषिद्ध आहे. लोकांच्या खऱ्या उपयोगाचे नवे संकेतस्थळ जुन्या नावावर उभे करायला हरकत नाही. म्हणजे नियमाने माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. मग आज दिवसभर घशाशी काय अडकले आहे?

दुपारी संकेतस्थळांची जुनी पाने जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये ते जुने संकेतस्थळ शोधले. विकत घेण्याआधी शोधायला हवे होते. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि खाली ‘मागणीप्रमाणे ताजे करून मिळेल’ एवढाच मजकूर होता, आणि एक दूरध्वनी क्रमांक. तो लावून पाहिला. आता अस्तित्वात नाही. डोमेनच्या मालकांचा तपशील २०१८ पासून युरोपातील खासगीपणाच्या कायद्यामुळे बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो, त्यामुळे तिथेही काही हाती लागले नाही.

संध्याकाळी मी एक हिशेब मांडत बसले, आणि तो मांडायला नको होता असे आता वाटते. डॉट कॉम नाव मुदत संपली म्हणून लगेच हातचे जात नाही. मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी एक स्मरणपत्र जाते, आठवडाभर आधी दुसरे, आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्यानंतर नोंदणी करणाऱ्या कंपनीप्रमाणे पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलतीचा काळ मिळू शकतो. मग तीस दिवस असे, की जास्तीचे पैसे भरून फक्त जुन्या मालकालाच नाव सोडवून घेता येते. आणि शेवटचे पाच दिवस, ज्यांत त्यालाही काही करता येत नाही. इतक्या वेळा दार वाजले आणि आतून कोणी ओ दिली नाही. ती स्मरणपत्रे याच डोमेनवरच्या पत्त्यावर जात असतील का? की वाचणारेच कोणी उरले नव्हते? हे सगळे पाहणारा मुलगा परदेशी गेला असेल, किंवा नाव सोडायचे असे काकूंनीच ठरवले असेल. यापलीकडे मला लिहवत नाही.

सहा आठवडे मी या एका मागणीची वाट पाहिली आहे. भवानी पेठेतून धणे-खोबरे आणणे, भाजून भाजून अंगाला बसलेला वास, आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक छापलेली पाकिटे. इतक्या सगळ्यानंतर पहिले गिऱ्हाईक आले तेही दुसऱ्या कोणाच्या हातच्या चवीसाठी, याचे फार वाईट वाटले. जेवताना आईशी बोलले नाही.

पुण्याच्या मंडईचेही नाव बदलले. १८८६ मध्ये उघडली तेव्हा ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची होती, आता महात्मा फुले यांच्या नावाची आहे, आणि भाजी घेणाऱ्यांना त्याने फरक पडला नाही. माझ्याकडे याच्या उलट झाले आहे. नाव तेच राहिले आणि चूल बदलली, आणि खाणाऱ्याला तो फरक पहिल्याच घासाला कळणार.

‘पाठवून दे, त्यांना काय कळणार आहे’ असे कोणीही म्हटले नाही. पण तो विचार दुपारी क्षणभर माझ्याच मनात येऊन गेला, आणि तोच मला सलतो आहे. शिवाय नंदू म्हणाला की काकूंनी हा पत्ता जिथे जिथे दिला असेल, तिथली पासवर्ड बदलायची पत्रेसुद्धा याच पेटीत येतील. ते ऐकून मी त्याला कॅच-ऑल लगेच बंद करायला सांगितले. आता काकूंना लिहिलेले पत्र परत जाईल आणि लिहिणाऱ्याला निदान कळेल की इथे त्या नाहीत. संकेतस्थळावर पहिल्याच पानावर ओळ घातली, ‘या नावाने पूर्वी दुसऱ्यांचा व्यवसाय होता, आमचा त्यांच्याशी संबंध नाही.’

त्या गृहस्थांना उत्तर तीनदा लिहिले. पहिल्यात क्षमाच फार मागितली होती, दुसऱ्यात माझा मसाला विकायला निघाले होते. तिसरे पाठवले: ‘काकूंचे नाव आता माझ्याकडे आहे, काकू कुठे आहेत हे मला ठाऊक नाही. तुम्हाला कळले तर मला जरूर कळवा. माझ्या मसाल्यात दगडफूल कमी असते. चवीपुरता पन्नास ग्रॅम पाठवू का? त्याचे पैसे नकोत.’

मग माझ्या नोंदणीची मुदत संपण्याची तारीख खडूने मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून लिहिली, आणि स्मरणपत्रांसाठी माझ्या जुन्या पत्त्याबरोबर नंदूचाही पत्ता दिला. आई झोपण्याआधी स्वयंपाकघरात आली होती. तराजू अजून ओट्यावरच होता. तिने तो उचलला नाही.