पो-पोंची याम-ज्ये

शनिवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी पुन्हा खालच्या मजल्यावरच्या आजींकडे जाऊन बसले. इथे आजीला पो-पो म्हणतात. हाँगकाँगात सहा वर्षं काढूनही माझी कँटोनीज भाजीबाजारापुरतीच आहे, पण पो-पोंचं त्यावाचून काही अडत नाही. त्यांनी कँटोनीज संगीतनाटकावरचा १९५९ चा सिनेमा 'ताय न्योय फा' लावला होता आणि समोर शेंगदाण्यांची परडी. मिंग घराण्याच्या राजकन्येची गोष्ट. राज्य बुडालेलं, शेवटी लग्नाच्या रात्रीच नवरानवरी विष घेतात. नवरा म्हणजे याम किम-फाय. बाई.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वाट बघत होते, ही आता आवाज जाड करणार, छाती काढून चालणार. तसलं काही नाही. ती आपल्याच गळ्याने गाते. या गायकीला पिंग-हाउ म्हणतात, म्हणजे साधा, सपाट गळा. राजकन्या झालेली पाक सुत-सिन वरच्या, बारीक आवाजात. दोघी बायकाच, पण एकीचा सूर जमिनीवर, दुसरीचा गच्चीत. याम बाही अशी काही सावरते की पुरुषाने कसं असावं हे तिलाच ठाऊक होतं, असं वाटतं.

बालगंधर्व आठवणारच, आठवले. पण गाडी उलटीही नाही, वेगळ्याच रुळावर. नारायणरावांचं लुगडं, अंबाडा, गजरा बघून बायका घरी तसं करून पाहायच्या. याम किम-फायसारखं व्हावं असं इथल्या बायकांना वाटलं नाही, तिच्याशी लग्न व्हावं असं वाटलं! 'नाटकवेड्यांचा प्रियकर' हे तिचं बिरुदच. पो-पो तेव्हा कारखान्यात प्लॅस्टिकची फुलं करायच्या. नवऱ्याचा विषय निघाला की हात झटकतात, आणि याम-ज्ये म्हटलं की खुर्चीत सरळ बसतात. (ज्ये म्हणजे ताई. पाक ती सिन-ज्ये.)

यामचा जन्म १९१३ चा, ग्वांगडोंगचा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून नाटकात. ग्वांगजौच्या मोठ्या दुकानांच्या गच्च्यांवर तेव्हा खेळ व्हायचे, तिथे फक्त बायकांच्या मंडळ्या. स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करायला बंदी होती. म्हणजे पुरुषाचं काम करायला कुणीतरी बाई लागायचीच. म्हणजे पुरुषाचं काम करायला कुणीतरी बाई लागायचीच. क्वाई मिंग-यंग हा त्या काळचा मोठा नट. त्याचे खेळ पाहून पाहून ती शिकली, इतकी की लोक तिला 'बायकांतला क्वाई मिंग-यंग' म्हणू लागले. समोर बसवून शिकवणाऱ्यापेक्षा चोरून बघितलेला गुरू जास्त मुरतो, असं माझं मत. असो.

जपान्यांनी हाँगकाँग घेतलं तेव्हा ती मकावमध्ये होती. आपल्या गोव्यासारखंच पोर्तुगीजांचं, म्हणून युद्धातून वाचलेलं. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान पाक तिथेच मंडळीत आली. पुढे सिनेमे, तीनशेच्या वर. त्यातल्या कितीतरी चित्रपटांना लोक 'सात दिवसांची ताजी' म्हणायचे, कारण आठवड्यात उरकायचे. त्यांबद्दल पो-पोही फार बोलत नाहीत.

खरी गोष्ट सुरू होते १९५६ मध्ये, दोघींनी सिन-फुंग-मिंग मंडळी काढली तेव्हा. तोंग तिक-सांग लिहायचा, या दोघी उभं करायच्या. 'ताय न्योय फा' हे मूळ नाटक त्याचंच, १९५७ चं. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९५९ मध्ये, ली थिएटरात नव्या नाटकाचा पहिला खेळ चालू असताना तो प्रेक्षकांतच कोसळला आणि गेला. बेचाळीस वर्षांचा. पो-पोंनी हे सांगताना टीव्हीचा आवाज बंद केला. त्यानंतर मंडळीचं एकच नवं नाटक आलं, १९६१ मध्ये. मग १९६८ चा एक मोठा सिनेमा, त्यात याम राज्य गमावलेला कवीराजा, आणि संपलं. पुढची वर्षं मुली तयार करण्यात गेली. त्यांतली लुंग किम-सांगही पुरुषाचंच काम करते. याम गेली १९८९ च्या नोव्हेंबरात.

शेवटचं विष घेण्याचं गाणं लागलं तेव्हा मीही गुणगुणले. चाल सोपी आहे, पिपा या तंतुवाद्यावरच्या जुन्या धुनेची. पो-पोंनी शेंगदाणे बाजूला ठेवले. कँटोनीजमध्ये शब्दाचा सूर बदलला की अर्थच बदलतो, म्हणून गीतकाराला चालीतल्या प्रत्येक चढउताराला जुळणारा शब्द शोधावा लागतो. मी चाल नीट धरली होती आणि शब्द भलतेच. त्यांनी एक अक्षर चार वेळा म्हणून दाखवलं. पाचव्यांदा मला जमलं असावं, कारण त्यांनी परडी परत मांडीवर घेतली.