आमची वाटचाल: जोड देता देता जोड टाळायला शिकलो

बाबा ताडपत्र्या शिवायचे. जाड कापड, मेण लावलेला दोरा आणि वीतभर सुई. पुढे पीव्हीसीचं कापड आलं आणि सुईची जागा गरम हवेच्या गननं घेतली. मी ती पहिल्यांदा हातात धरली तेव्हा शाळेत होतो. दोन कडा एकमेकांवर चढवायच्या, मधल्या फटीत गनचं चपटं तोंड घालायचं आणि पाठोपाठ रोलर दाबत यायचं. कडेला बारीक चकाकणारी रेघ उमटली की जोड बसला. धूर निघून नाकाडोळ्यांना झोंबला की करपला. करपलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो हे मला फार नंतर कळलं. बाबांच्या भाषेत तो नुसता ‘वाईट वास’ होता, आणि तो आला की तेवढा पट्टा कापून पुन्हा करायचा, हा नियम.

तळ्याचं पहिलं काम ओळखीतून आलं. घरामागे खड्डा खणला होता, त्यात कमळं लावायची होती, मासे सोडायचे होते. आम्ही दुकानातल्या उरलेल्या कापडाचे चार तुकडे जोडून एक मोठं अस्तर करून दिलं. तीन जोड, तिन्ही पक्के. पाणी थेंबभरही उतरलं नाही. मासे मात्र आठवड्याभरात मेले.

आम्हाला वाटलं, पाण्याचा दोष. मग एका जाणकारानं विचारलं, “कापड कशासाठी बनवलेलं होतं?” कापडाला बुरशी धरू नये म्हणून त्यात औषध मिसळलेलं असू शकतं, पोहण्याच्या तलावाच्या अस्तरातही असू शकतं, आणि ते माशांना सोसत नाही, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. जोड उत्तम आणि माल चुकीचा. ते अस्तर आम्ही काढून आणलं, पैसे परत केले. त्या दिवसापासून, तळ्यासाठी बनवलेला आणि माशांना चालणारा असं उत्पादकानं लिहून दिलेला कागदच वापरायचा, हे ठरलं. आमच्या धंद्यात अस्तराला सरसकट ‘कागद’ म्हणतात, मग तो प्लास्टिकचा असो की रबराचा.

पुढची काही वर्षं आम्ही कागद ओळखण्यात घालवली, आणि बरीचशी शिकवणी स्वतःच्या खर्चानं घेतली. पॉलिथिनचं उदाहरण सांगतो. गिऱ्हाइकानं स्वतः आणलेला काळा पॉलिथिन कागद होता, रुंदीला कमी पडत होता. गन नेलेली नव्हती, म्हणून माझ्या धाकट्या भावानं चांगल्यापैकी सिलिकॉन लावून जोड दिला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर नखानं टोक उचललं तर सबंध पट्टा सोलून हातात आला, खाली कागद जसाच्या तसा गुळगुळीत. पॉलिथिनला चिकटायला सहसा काहीच तयार नसतं. त्याला वितळवूनच जोडावं लागतं. पातळ पॉलिथिनचं आणखी एक दुखणं म्हणजे ऊन. पाण्याखाली तो टिकतो, पण काठावर उघडा पडलेला भाग कडक होतो आणि दुमडीवर तडकतो.

एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन, जाड आणि चिवट. मोठ्या, सरळ उताराच्या तळ्याला त्याच्यासारखा कागद नाही. वेल्डिंग मशीन गरम पाचर दोन कागदांमधून ओढत नेतं आणि एकाच वेळी दोन समांतर जोड देतं, मधे बोटभर पोकळी ठेवून. त्या पोकळीची दोन्ही टोकं बंद करून हवा भरायची आणि दाबाचा काटा बघत बसायचं. काटा टिकला तर जोड टिकला. तपासणी इतकी सोपी. पण घरामागच्या वळणावळणाच्या तळ्यात हाच कागद वैरी होतो. तो कोपऱ्यात बसत नाही, पायरीवर वळत नाही, आणि उन्हात लांबतो. दहा मीटर लांबीचा एचडीपीई ३० अंशांच्या फरकानं पाच-सहा सेंटीमीटर लांब होतो. भर दुपारी ताणून बसवला की पहाटे आखडतो आणि कोपऱ्यातून उचलला जातो. हे एकदा आमच्या बाबतीत झालं. तेव्हापासून कागद थोडा सैल सोडायचा आणि काठाच्या चरात माती सकाळी गारव्याला भरायची.

पीव्हीसी आमचा घरचा माणूस. मऊ, घडी घेणारा, गननं जोडला जाणारा, जरूर पडल्यास त्याच्या खास द्रावणानंही जोडला जाणारा. अर्धा ते एक मिलिमीटर जाडीत तो छोट्या तळ्याला चांगला. मऊपणा येतो तो त्यात घातलेल्या तेलकट पदार्थामुळे, आणि तो पदार्थ वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातो. मग कागद ताठर होतो. जुन्या पीव्हीसीला नवं ठिगळ द्यायला कोणी बोलावलं तर मी आधी त्याची एक चिमटीभर कड दुमडून बघतो. पांढरी रेघ पडली किंवा तडा गेला तर गन पेटवतच नाही. ठिगळ बसेल, पण ठिगळाशेजारी फाटेल.

आणि मग ईपीडीएम, म्हणजे कृत्रिम रबर. याच्या पायी आमची सगळी विद्या पुन्हा पहिलीपासून सुरू झाली.

पहिल्यांदा आम्ही त्याच्यावरही गनच चालवली, दुसरं येत काय होतं? कागद मऊ झाला नाही, वितळला नाही, नुसता काजळला. हे रबर कारखान्यातच पक्कं केलेलं असतं. उकडलेलं अंडं तापवून पुन्हा पातळ होत नाही, तसंच. भावानं मग सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणलं. ठिगळ बसलं, आम्ही खूष. दोन महिन्यांनी तेच ठिगळ पाण्यावर तरंगत होतं.

ईपीडीएमला त्याची स्वतःची चिकटपट्टी आणि स्वतःचा प्रायमर, म्हणजे पट्टीआधी लावायचा द्रव, लागतो. जोडाचं खरं काम प्रायमर लावण्याच्या आधीच होतं. नव्या कागदावर बारीक भुकटी असते, गुंडाळीत थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावलेली. ती डोळ्यांना दिसतेच असं नाही. बोट फिरवलं की कळते. ती पूर्ण निघेपर्यंत पुसायचं, फडकं बदलत राहायचं, कारण त्याच फडक्यानं पुसलं तर घाण एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी जाते. मग दोन्ही कडांवर प्रायमर घासून लावायचा, ओतायचा नाही. तो वाळून चिकचिकीत होईपर्यंत थांबायचं. बोट लावून बघायचं: बोटाला ओढ जाणवली पाहिजे, पण बोटाला लागता कामा नये. घाई इथेच होते. ओला प्रायमर पट्टीखाली कोंडला की तो जोड पुढेमागे सोडणार.

पट्टी खालच्या कागदावर बसवायची, वरचं आवरण न काढता वरचा कागद त्यावर आणून ठेवायचा, रेषेत आहे का बघायचं, आणि मगच आवरण तिरकं ओढत काढायचं. एकदा चिकटलं की पुन्हा सरकवायला जागा नाही. नंतर छोटा रोलर आधी जोडाला आडवा आणि मग जोडाच्या लांबीनं. सगळा जीव रोलरवर टाकायचा. तीन थर एकत्र येतात तिथे बारीकशी पोकळी राहतेच. तिच्यावर कच्च्या रबराचं वेगळं ठिगळ द्यायचं. आणि त्या दिवशी पाणी भरायचं नाही, गिऱ्हाईक कितीही उतावीळ असलं तरी.

हे सगळं जमू लागलं तेव्हा आम्हाला फार अभिमान वाटायचा. कोणीही माप घेऊन आलं की आम्ही उरलेल्या पट्ट्यांचं गणित मांडायचो: हा तुकडा इथे, तो तिथे, मधे जोड, माल वाया नाही. जोडाची मजुरी वेगळी. धंदा छान चालला होता.

मग एक तळं आमच्या डोळ्यांत पाणी आणणारं निघालं. बऱ्यापैकी मोठं, आत दोन पायऱ्या. आम्ही जोड नेमका उताराला आडवा, वरच्या पायरीच्या खाली टाकला, कारण तिथे तुकडा संपत होता. पाण्याचं वजन कागदाला खाली ओढतं आणि आडवा जोड ते सगळं ओझं एकटा झेलतो. वरून खालपर्यंत जाणारा जोड असता तर त्याच्यावर इतका ताण आला नसता. सात-आठ महिन्यांनी पाणी बरोबर त्या पायरीपर्यंत उतरून थांबलं. मालकांनी आवाज चढवला नाही, ‘या आणि बघा’ एवढंच म्हणाले. मासे टाकीत काढले, दगड उचलले, कागद धुतला आणि सगळं नव्यानं केलं. कागद आमच्या पैशानं, आणि यावेळी अखंड.

त्या कामावरून परतताना भाऊ म्हणाला, “आपण कागद वाचवायला जोड देतो, आणि जोड वाचवायला आठ दिवस घालवतो.” हे बोलणं डोक्यात राहिलं. आम्ही मापाकडे लक्ष द्यायला लागलो ते तेव्हापासून.

माप सोपं आहे, पण लोक त्यात हटकून चुकतात. सर्वांत जास्त लांबी, त्यात सर्वांत जास्त खोलीची दुप्पट, आणि दोन्ही काठांसाठी प्रत्येकी किमान ३० सेंटीमीटर. रुंदीचंही तसंच. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, पाऊण मीटर खोल असं तळं असेल तर कागद ५.१ मीटर बाय ४.१ मीटर. “पण आत पायऱ्या आहेत, त्यांचा कागद वेगळा धरायला नको का?” असं प्रत्येक जण विचारतो. नको. पायऱ्यांचे सगळे आडवे भाग मिळून लांबीच होते, आणि उभे भाग मिळून खोलीच. पटत नसेल तर दोरी घ्या, एका काठावरून खड्ड्यात सोडा, प्रत्येक पायरीला चिकटवत दुसऱ्या काठापर्यंत न्या आणि मोजा. आम्ही अजूनही कापण्याआधी दोरी टाकतोच, आणि तीही खड्डा पूर्ण खणून झाल्यावर. चित्रातलं तळं आणि खणलेलं तळं एक नसतं. कुदळ चालवणाऱ्याला मोठा दगड लागला की काठ सरकतो.

गोल किंवा वाटोळ्या तळ्यातही अखंड चौकोनी कागदच बसतो. जास्तीचा भाग कोपऱ्यात जमतो, त्याच्या निऱ्या करायच्या. दहा बारीक निऱ्यांपेक्षा दोन मोठ्या, एकाच दिशेनं पाडलेल्या. लोकांना निऱ्या दिसल्या की कापून जोडावंसं वाटतं. पाणी भरल्यावर वर्षभरात त्यावर शेवाळ चढतं आणि कुठे निरी होती ते आम्हालाही सापडत नाही.

जोडाची मजुरी गेली, पण भरपाईची कामंही गेली. आजही काही ठिकाणी जोड द्यावाच लागतो, नाही असं नाही. सहा मीटर बाय चार मीटर, एक मीटर खोल तळ्याला एक मिलिमीटरचा रबरी कागद साधारण ७० किलोच्या पुढे जातो. बोळातून, जिन्यावरून तो न्यायचा कसा? एल आकाराच्या तळ्यात अखंड कागदाचा बराच भाग वाया जातो, तिथेही जोड शहाणपणाचा. शक्य तितका दुकानात सपाट फळीवर देतो. खड्ड्यात गुडघ्यावर बसून, वाऱ्यात, मातीत दिलेला जोड तसा कधीच होत नाही.

ओढ्यासारखी वाहती धार तळ्यात सोडायची असेल तर मात्र चिकटवण्याची गरजच नसते. कौलं घालतात तसं करायचं: वरचा कागद खालच्यावर भरपूर चढवायचा आणि धारेच्या दोन्ही कडा उंच ठेवायच्या. पाणी उलटं चढत नाही.

गळतीचे फोन अजून येतात. माझा पहिला प्रश्न असतो, “पंप बंद करून पाहिलंत का?” पंप बंद केल्यावर पाणी उतरायचं थांबलं तर दोष धबधब्यात, कुठेतरी शिंतोडे उडतायत किंवा एका बाजूनं पाणी बाहेर पळतंय. थांबलं नाही तर दुसरं काम: बादलीत पाणी भरून ती पायरीवर ठेवा, आत-बाहेर पातळी सारखी ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ते ऊन-वाऱ्यानं गेलंय. तळ्यात जास्त उतरलं असेल तर आपोआप थांबेपर्यंत उतरू द्या, मासे तेवढे सांभाळा. थांबेल त्या रेषेवरच भोक शोधायचं. बहुतेक वेळा भोक नसतंच, काठाचा एखादा भाग खचून खाली गेलेला असतो किंवा कागदाची कड मातीत दबून माती पाणी शोषत असते. कड उभी करून मागे दगड लावला की संपलं.

अस्तराखालच्या कापडाबद्दल फार सांगत नाही. न विणलेलं जिओटेक्सटाइल घाला. जुना गालिचा कुजतो, वाळू उतारावरून घसरते. बांबू जवळ असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, कारण त्याचे कोंब कागद फोडून वर येऊ शकतात.

आता दुकानात आम्ही पाच जण आहोत. बाबा थकलेत, पण रोज तासभर येऊन बसतात. जो जोड आम्ही देतो, त्याच मालाची, त्याच दिवसाची एक नमुना पट्टी कापून त्यांच्यासमोर ठेवतो. रबराची असेल तर ती कोपऱ्यात भिंतीवर टांगतात, वजन बांधून, आणि दुसऱ्या दिवशी बघतात. पीव्हीसीची असेल तर दोन्ही टोकं धरून जोर लावून सोलायला बघतात. जोड सुटला तर पट्टी माझ्याकडे परत येते, काही न बोलता. जोड राहून शेजारचा कागद फाटला, तरच तिच्यावर तारीख घालून ती खोक्यात टाकतात.