एनडीआरएफ पोहोचेपर्यंतचे तास

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली, की ‘आयर्विनला किती फूट?’ हा प्रश्न आधी येतो आणि बाकीची विचारपूस नंतर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी मानली जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि गावभागापासून दत्तनगरपर्यंतच्या लोकांनी केशरी गणवेशातील जवान प्रथमच इतक्या जवळून पाहिले.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजेच एनडीआरएफ, हे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील दल असून 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये 2006 मध्ये उभे राहिले. त्याआधीच्या वर्षी सांगलीत महापूर आला, तेव्हा हे दल नव्हतेच. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारख्या दलांतून जवान येथे प्रतिनियुक्तीवर येतात. आपल्याकडे धावून येते ती पाचवी बटालियन, तिचे ठाणे तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. 2014 मध्ये दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीण गावाच्या ढिगाऱ्यावर हीच बटालियन राबली आणि 2021 च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघरला दरड कोसळली, तेव्हा तेथील चिखलातही एनडीआरएफचेच जवान उतरले होते.

पुरात बोट चालवणे हे किती जोखमीचे काम आहे, हे काठावरून कळत नाही. गल्लीत पाणी शिरले, की कुंपणाच्या भिंती, फाटकांवरचे लोखंडी भाले आणि उभ्या केलेल्या दुचाक्या पाण्याखाली दिसेनाशा होतात, आणि डोक्यावर हाताला लागतील इतक्या जवळ विजेच्या तारा येतात. अशा ठिकाणी जवान इंजिन वर उचलून घेतात, वल्ह्याने तळ चाचपत पुढे सरकतात आणि माडीवरून उतरणाऱ्या माणसाला आधी लाइफ जॅकेट घालायला लावून, तो कोठे बसणार हे सांगूनच बोटीत घेतात. घाबरलेला माणूस एकदम कडेला झुकला तर सगळीच बोट कलंडते, म्हणून त्यांच्या आवाजात थोडी जरब असते. ती मला आवश्यक वाटते.

मात्र सुदुंबरे सांगलीपासून दूर आहे आणि वाटेतले रस्तेही पाण्याखाली जाऊ शकतात. आता पावसाळ्यात पथक आधीच जिल्ह्यात आणून ठेवतात, हा मोठाच दिलासा आहे. तरीही कृष्णा आणि वारणा एकाच वेळी चढू लागल्या, की काठावरच्या सर्व गावांना एका पथकाच्या बोटी पुरणार नाहीत. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला उलटली ती गावातलीच बोट होती. तीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसली होती आणि त्यात बायका-मुलेही गेली. लोकांना वाचवायला निघालेल्या त्या बोटीचा विचार मनातून जात नाही.

म्हणून पावसाळ्यापूर्वी घाटावर होणाऱ्या प्रात्यक्षिकांकडे मी आशेने पाहतो. तेथे जवान झाकणे घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन दोरीने बांधून तरंगण्याचे साधन करून दाखवतात. पण टाळ्या वाजल्या की कार्यक्रम संपतो. माझी विनंती एवढीच, की त्याच दिवशी प्रत्येक पूरग्रस्त गावाने आपली स्वतःची बोट आणि ती चालवणारे तरुण तेथे आणावेत. किती माणसे बसवायची याचा आकडा जवानांकडून ठरवून घ्यावा, तो बोटीच्या बाजूवर ठळक रंगवावा आणि तेवढी लाइफ जॅकेटे ग्रामपंचायतीने मे महिन्यातच तपासून ठेवावीत.