पेटीचरखा, आठवडा अकरावा: 'स्पिन'ने घातलेला घोळ

मागच्या नोंदीत पेटीचरख्यावर (पेटीत मिटणारा छोटा चरखा) कातताना सूत सारखं तुटतंय म्हणून कुरकुर केली होती. आता तासाला वीस-पंचवीस वेळा तुटायचं ते चार-पाचावर आलंय. चरख्याला उगाच बोल लावला होता. घोळ एका इंग्रजी शब्दाने घातला होता, म्हणजे मी तो जसा समजून बसले होते त्याने.

कातायला शिकले ती इंग्रजी व्हिडिओ बघून. त्यातल्या बायका उठताबसता 'स्पिन, स्पिन' म्हणणार. आपल्या कानाला स्पिन म्हणजे काय? वॉशिंग मशीनचं शेवटचं बटण, नाहीतर टप्पा पडल्यावर वळणारा चेंडू. थोडक्यात, गरगर. त्यामुळे माझं सगळं लक्ष चाकावर. उजवा हात भिंगरीसारखा, आणि डावा पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) धरून पाहुण्यासारखा बसलेला. सूत निघायचं ते एका जागी केसासारखं बारीक, त्यात इतका पीळ की सैल सोडलं तर स्वतःभोवतीच वेटोळं घालायचं. बोटभर पुढे गेलं की गुबगुबीत बिनपिळाचा कापूस. तिथे निसटलंच म्हणून समजा.

ओळखीतले एक काका तरुणपणी वर्ध्याकडे कातायला शिकलेत. त्यांना दाखवायला पेटी घेऊन गेले. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "तू चाक फिरवतेस गं, कातत नाहीस. चाकाकडे नको बघू, हाताकडे बघ."

घरी येऊन शब्दकोश काढला (मला हे खूळ आहेच). आणि बघते तर काय, इंग्रजीत 'स्पिन'चा जुना अर्थ कातणे हाच! कापूस, लोकर, ताग यांचे तंतू ओढून, पीळ देऊन सूत काढणं. गरगर फिरणं हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर, सतराव्या शतकात चिकटला. चाती (सुताला पीळ देणारी टोकदार सळई) फिरते, म्हणून फिरण्यालाच ते नाव पडलं. शब्दाचं मूळ आणखी मागे नेलं तर ते ताणणे, ओढणे इथे जातं. स्पिंडल (म्हणजे चाती) त्याच घरातला, आणि स्पायडरही. आपल्याकडे कोळी जाळं विणतो, त्यांच्याकडे तो कातणारा. स्पिन्स्टर म्हणजे आधी सूत कातणारी बाई, मग अविवाहित बाई. इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदणीत हा शब्द 2005 पर्यंत होता, मग त्याजागी 'सिंगल' आलं. खादीच्या कामासाठी चरखा संघ 1925 साली पाटण्याला स्थापन झाला, त्याचं इंग्रजी नाव ऑल इंडिया स्पिनर्स असोसिएशन. आज हे नाव कुणाला सांगितलं तर बेदी-चंद्रशेखर हे फिरकी गोलंदाज आठवतील.

मराठीने हा घोळ होऊच दिला नव्हता. कातणं वेगळं, गिरकी वेगळी, फिरकी वेगळी. मीच मराठी सोडून व्हिडिओच्या मागे लागले. एक गंमत मात्र दोन्हीकडे सारखी आहे: इंग्रजीत लांबण लावून गोष्ट सांगणाऱ्याला 'सूत काततोय' म्हणतात, आणि आपल्याकडे बडबड्याची टकळी (हाताने फिरवून सूत कातायची चाती) चालू असते.

आता कामाचं. काकांनी जे दाखवलं ते असं. चाकाला सावकाश एक फेरा द्यायचा आणि त्याच वेळी डावा हात तिरका मागे न्यायचा. पेळू दाबायचा नाही, चिमणीचं पिल्लू धरावं तसा धरायचा. सूत चातीच्या टोकावरून चातीच्या दर फेऱ्याला टप्‌टप् निसटतं, तेवढा एकेक पीळ सुतात उतरतो. पीळ नेहमी बारीक जागेकडे आधी धावतो, जाड जागा तशीच राहते. म्हणून जाड भाग दिसला की चाक थांबवायचं आणि पीळ घट्ट बसायच्या आत तो हलकेच ताणायचा. तंतू एकमेकांवरून सरकतात, जाडी उतरते, मग पीळ आपोआप तिथे शिरतो. बोटांना हे सरकणं कळतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटीच "अगंबाई" म्हणाले.

हात पूर्ण मागे गेला की आणखी थोडा पीळ द्यायचा, चाक किंचित उलटं फिरवून टोकाजवळचे वेढे सोडवायचे, सूत चातीशी काटकोनात आणायचं आणि गुंडाळायचं. उलटा फेरा मी विसरायचे. तो विसरला की टोकाशी गुंता ठरलेला.

आकडे: आठव्या आठवड्यात 100 मीटर सुताचं वजन 6.2 ग्रॅम भरलं होतं. या आठवड्यात 4.1 ग्रॅम. मीटरला ग्रॅमने भागून 0.59 ने गुणलं की इंग्रजी नंबर मिळतो (एका पौंडात 840 यार्डांच्या किती लड्या, तो हिशोब). नंबर जास्त तेवढं सूत बारीक. म्हणजे साडेनऊवरून चौदाच्या वर. बाजारातल्या बारीक सुतापुढे हे काहीच नाही, पण मला पुरे.

पेटी माझी यरवडा चक्राच्या घराण्यातली, दोन चाकांची, मिटून पिशवीत मावणारी. गांधीजींनी 1930 च्या कारावासात येरवड्यात या घडीच्या चरख्यावर खटपट केली, त्यावरून ते नाव. लहान चाकावरची दोरी अजून घसरते. मेण लावून पाहिलं, दोन दिवस बरी चालली, परत तेच.

पुढच्या आठवड्यात दोन पदरी सूत करून बघणार. दोन्ही धागे ज्या दिशेने कातले त्याच्या उलट दिशेने एकत्र पिळायचे, एवढं माहीत आहे. दोरीवर कुणाकडे मेणापेक्षा बरा इलाज असेल तर सांगा.