विटकरी राख

मूस भट्टीतून बाहेर काढली आणि मी थबकलेच. ५५० अंशांवर रात्रभर जाळलेल्या पाल्याची राख पांढरट-करडी यायला हवी. ही विटकरी होती.

तेव्हा मी नायजेरियात, कानो शहरातल्या एका प्रयोगशाळेत होते. तपासायला आला होता बाओबाब, म्हणजे आपल्या मुंबई-वसईकडे दिसते ती गोरखचिंच. फळाचा गर, बिया, साल, पानं असे वेगवेगळे नमुने होते. सालीच्या काढ्यात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले की टॅनिनमुळे तो हिरवट-काळा होतो, गर आंबट आणि क जीवनसत्त्वाने भरलेला, बियांत तेल. पण तिथल्या घराघरांत रोज लागतो तो पाला. तिथले हौसा लोक त्याची वाळवून केलेली पूड, 'कुका', रश्श्यात घालतात आणि रस्सा बुळबुळीत, दाट होतो.

पानांत लोह भरपूर निघालं होतं. तो आकडा गरोदर बायकांसाठीच्या पुडीच्या पाकिटावर जायचा होता, आणि अहवाल मला संध्याकाळी द्यायचा होता.

राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून गाळली. गाळणीच्या कागदावर बारीक रेती उरली. काचेच्या कांडीने चेपली तर कर्रकर्र वाजली. माझा सहकारी तिथलाच. वाकून बघत तो म्हणाला, "मॅडम, हा रंग पानाचा नाही, आमच्या अंगणाचा आहे."

पाला जमिनीवर वाळतो, लोखंडी चक्कीवर दळला जातो. लाल मातीत लोह असतंच, चक्कीही थोडं देते. लोह मोजणाऱ्या यंत्राला सगळं लोह सारखंच दिसतं. मातीतलं लोह मात्र अंगी फारसं लागत नाही, आणि पाकीट वाचणारी बाई त्याच्या भरवशावर राहिली असती.

मी अहवाल अडवला. वरून बोलणी बसली, ती ऐकून घेतली. पावसाळा सरत आला होता, झाडावर पानं होती. सहकाऱ्याने त्याच झाडांची ताजी पानं तोडून आणली. ती ऊर्ध्वपातित पाण्यातून पटकन काढली, ओव्हनमध्ये ६० अंशांवर वाळवली, लोखंड लागू नये म्हणून अकीकाच्या, म्हणजे कठीण दगडाच्या, खलात कुटली. दोन दिवसांनी राख करडी आली. लोह निम्म्याच्याही खाली उतरलं. कॅल्शियम मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं. ते पानाचं स्वतःचं होतं. मोजताना यंत्राच्या ज्योतीत फॉस्फेटमुळे ते कमी दिसू नये म्हणून लँथॅनम हा धातू क्षाररूपात घातला होता, तरी मी ते तीनदा मोजलं. खूप बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पाला विकणाऱ्या आजींकडे गेलो. सहकाऱ्याने त्यांना हौसा भाषेत सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग वाळवू कशावर?"

शेजारच्याच दुकानातून आम्ही दोन मोठ्या चटया घेतल्या.